सुकाणू, धुरा आणि स्टेरिंग : फिरत्या तंबू-सिनेमाच्या गाड्यांची दुरुस्ती व तिची भाषा

वाहनास दिशा देण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. नावेला सुकाणू होते, रथाला सारथी होता, गाडीच्या बैलांना कासरा होता आणि जड वाहनाला धुरा होती. असे असताना मोटारीचे जे चाक चालकाच्या हातात असते त्याला यांपैकी एकही शब्द मिळाला नाही. ते ‘स्टेरिंग’च राहिले. उलट सुकाणू व धुरा हे दोन्ही शब्द राजकारणात आणि कार्यालयांत स्थिरावले. शासन ‘सुकाणू समिती’ नेमते आणि पक्षाची ‘धुरा’ कोणीतरी सांभाळतो. परंतु नाशिकच्या कोणत्याही गॅरेजात ‘सुकाणू जड झाले आहे’ असे म्हटले तर मिस्त्री क्षणभर थबकेल. या उदाहरणावरून पुष्कळदा असा निष्कर्ष काढला जातो की यंत्राबरोबर भाषाही परकी झाली. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष अपुरा वाटतो. भागांची नावे परकी झाली हे खरे. पण त्या भागांना काय होते आणि त्यांचे काय करावयाचे, हे सांगणारी क्रियापदे मराठीच राहिली. दुरुस्तीचा इतिहास नामांपेक्षा क्रियापदांत अधिक टिकून राहतो. हे दाखविण्यासाठी येथे एका विशिष्ट प्रकारच्या गाडीचा विचार केला आहे : यात्रेयात्रेस तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमाची जुनी मालगाडी. यंत्र, पडदा, तंबू आणि माणसे यांचे ती वर्षातील आठ महिने घर असे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार आवश्यक आहे. ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’पासून आलेला, दर्यावर्दी व्यवहारातून किनाऱ्यावर उतरलेला शब्द होय. मोल्सवर्थच्या कोशात तो नावेच्या संदर्भातच येतो. देशावरच्या माणसास त्याचा प्रत्यक्ष अनुभव असण्याचे कारण नव्हते. गोदावरीच्या होडीला वल्हे आणि बांबू पुरेसे होते. म्हणजे घाटावर हा शब्द पोचला तो आरंभापासून बराचसा लाक्षणिक अर्थानेच पोचला असावा. लक्षणेने आलेला शब्द पुन्हा वस्तूला चिकटणे कठीण असते, आणि मोटारीच्या चाकास तो का चिकटला नाही याचे एक कारण येथे सापडते.

‘धुरा’ची गोष्ट निराळी आहे. संस्कृत ‘धुर्’ म्हणजे जू, ओझे ज्यावर येते तो भाग. धुरीण आणि धुरंधर हे शब्द त्याचेच. आज मराठीत धुरा बहुधा जबाबदारीची असते. परंतु नाशिकमध्ये हा शब्द वर्षातून एकदा आपल्या मूळ लाकडी अर्थाने जिवंत होतो. चैत्र शुद्ध एकादशीस, म्हणजे कामदा एकादशीस, काळाराम मंदिराचे रामरथ व गरुडरथ निघतात. त्या वेळी दोर ओढण्याचा मान आणि रथाची धुरा सांभाळण्याचा मान हे वेगवेगळे मानले जातात. ज्याने ओढावयाचे त्याने वळवावयाचे नाही, आणि ज्याने वळवावयाचे त्याने ओढावयाचे नाही, ही श्रमविभागणी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत सयुक्तिक आहे. दोरावर शंभर माणसे असली तरी अरुंद गल्लीच्या वळणावर रथाचे चाक कोणत्या ओट्याला लागेल हे त्यांना दिसत नाही.

ही विभागणी का करावी लागते? दोन चाकांच्या गाडीस वळणाचा प्रश्नच नसतो. बैलगाडी वा टांगा जनावराबरोबर वळतो. दोन्ही चाके आखाभोवती स्वतंत्र फिरतात, म्हणून आतले चाक हळू व बाहेरचे जलद चालते. चार चाके आली, आणि पुढचा व मागचा आख एकमेकांस समांतर जखडलेले असले, की वाहन सरळ जाण्यासच बांधलेले असते. त्यास वळवावयाचे तर चाकापुढे लाकडी पाचर सारून एक बाजू अडवावी लागते. देवरथांच्या अनेक परंपरांत हेच केले जाते. युरोपातील बग्गीवाल्यांनी पुढचा संपूर्ण आख मध्यावरील खुंटीभोवती फिरविला. त्याने वळण साधले, पण तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढला. १८१६ साली म्युनिकच्या गेओर्ग लँकेनस्पेर्गर या बग्गी बांधणाऱ्याने आख स्थिर ठेवून त्याच्या दोन टोकांशी केवळ चाके वळविण्याची रचना केली. १८१८ मध्ये तिचे इंग्लंडातील पेटंट त्याचा लंडनमधील प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याच्या नावाने झाले, आणि आजतागायत ती आकरमनच्याच नावाने ओळखली जाते. (शोधकाचे नाव बुडून अडत्याचे राहण्याचा प्रकार केवळ भाषाशास्त्रातच घडतो असे नव्हे.) या रचनेचे मर्म असे की वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनातून फिरले पाहिजे. हे साधते ते दोन्ही चाकांच्या तिरप्या भुजा व त्यांना जोडणारी आडवी सळई यांच्या प्रमाणामुळे. ती सळई किंचित वाकली की प्रमाण बिघडते आणि टायर वळणावर रस्त्याला घासत जातो. ही गोष्ट पुढे दुरुस्तीच्या संदर्भात उपयोगी पडेल.

आता गाडीकडे वळू. महाराष्ट्रात चित्र दाखविण्याचा व्यवसाय चित्रपटगृहांच्या आधी फिरता होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले आणि त्यांना ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. नाव टिकले नाही, फिरणे टिकले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाचे यंत्र आणि फिती बैलगाडीवर घालून गावोगाव खेळ केले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली तीही नाशकातच. या पूर्वपरंपरेला मोटारीची जोड मिळाली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने विक्रीस काढलेल्या गाड्या बाजारात आल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली तीही बेडफर्ड बनावटीची होती. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझची गाडी तयार होऊ लागली आणि दाइमलर-बेंझशी असलेला तो सहयोग १९६९ पर्यंत चालला. मालवाहतूकदाराने काही वर्षे वापरून विकलेल्या अशा गाड्या तंबू-सिनेमावाल्यांच्या वाट्यास येत. म्हणजे गाडी घर बनत असे ती तिच्या उत्तरायुष्यात. गाडीच्या इतिहासातील ही महत्त्वाची गोष्ट होय, कारण घर झाल्यावर तिचे आजारही बदलत.

नाशिक जिल्ह्यातील फिरतीचा क्रम पंचांगाप्रमाणे ठरे. पौष पौर्णिमेस मालेगावजवळच्या चंदनपुरीची खंडोबाची यात्रा, पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची, चैत्रात सप्तशृंगीची. आणि मधल्या काळात गावोगावचे उरूस व जत्रा. एका गावी मुक्काम चार दिवसांचा, कोठे पंधरा दिवसांचा. मग रातोरात तंबू उतरवून पुढच्या गावी जावयाचे. मृगाचा पाऊस पडला की गाडी उभी करावयाची, ती दसरा-दिवाळीपर्यंत. मालगाडी सतत चालते, तर ही गाडी दीर्घकाळ उभी राहते आणि मग एकाएकी, पूर्ण भार घेऊन, खडकाळ बैलवाटेने जत्रेच्या मैदानात उतरते. तिच्या मागच्या भागात प्रक्षेपणयंत्र कायमचे जखडलेले असे. खेळाच्या वेळी प्रकाशाचा झोत तेथूनच पडद्याकडे जाई. यंत्राभोवती फितींचे डबे, पेट्या, बिछाने, स्वयंपाकाचे भांडे-कुंडे आणि तंबूचे कापड असे. हे सारे वजन मागे, आणि ते कधीच पुरते उतरत नसे. गाडीचे स्टेरिंग बिघडण्याची कारणे या दोन गोष्टींत आहेत : उभे राहणे, आणि मागे साठलेले ओझे.

स्टेरिंगची रचना या पिढीच्या सर्व गाड्यांत मूलतः सारखीच होती. चालकाच्या चाकापासून एक दांडा खाली पेटीत जातो. पेटीत त्या दांड्यावर मळसूत्र असते. मळसूत्राच्या फिरण्याने पेटीबाहेरचा एक हात पुढे-मागे हलतो. त्या हाताला लांब सळई जोडलेली असते, ती पुढच्या एका चाकाच्या भुजेस ढकलते, आणि आडवी सळई तीच हालचाल दुसऱ्या चाकाला पोचविते. चाके ज्या उभ्या खुंटीभोवती वळतात ती ‘किंगपीन’. ती आखाच्या टोकाला घट्ट असते आणि चाकाकडच्या बाजूस दोन पितळी बुशांत फिरते. सर्व सांध्यांत गोळा आणि वाटी असते.

पेटीच्या आतील रचनेत मात्र भेद होते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील लाफायेट येथे डेव्हिड रॉस याने १९०६ मध्ये काढलेल्या कारखान्याची पेटी जीपमध्ये होती. तिच्यात मळसूत्राच्या खाचेत दोन खुंट्या सरकत. हीच विलीज जीप महिंद्र कंपनी स्वातंत्र्याच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत माझगावला जुळवू लागली, आणि पुढे त्याच कंपनीचा मोठा कारखाना नाशकात झाला. त्यामुळे या शहरातील जुन्या कारागिरांचा हात रॉसच्या पेटीवर बसलेला असे. जनरल मोटर्सने १९४० पासून प्रचारात आणलेल्या दुसऱ्या रचनेत मळसूत्र आणि नटाच्या दरम्यान पोलादी गोळ्यांची रांग फिरत राहते. घर्षण सरकण्याऐवजी घरंगळण्याचे झाले, म्हणून चाक हलके झाले आणि झीज मंदावली. जड मोटारींत पुढे हीच रचना रूढ झाली. जी गाडी पंचवीस वर्षे वापरावयाची तिच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

गाडीच्या तक्रारी चालक कोणत्या शब्दांत सांगतो हे आता पाहू. स्टेरिंग ‘जड’ होते किंवा ‘ढिले’ होते; चाक ‘थरथरते’; गाडी डावीकडे ‘ओढते’; गाडी टायर ‘खाते’; सांधा ‘झिजतो’; नटाचे आटे ‘जातात’. स्टेरिंग हे नाम इंग्रजीतून घेतले, पण त्याला लिंग मात्र आपल्याच चाकाचे दिले, ते नपुंसक झाले. किंगपीन स्त्रीलिंगी झाली, कारण पिन ही पूर्वीच स्त्रीलिंगी झालेली होती. परंतु सर्वांत विचार करण्यासारखे क्रियापद ‘ओढणे’ हे आहे. ‘बैल गाडी ओढतो’ या वाक्यात गाडी कर्म आहे. ‘गाडी डावीकडे ओढते’ या वाक्यात तीच गाडी कर्ती झाली आहे, आणि कर्माची जागा रिकामी आहे. कोणास ओढते? चालकाला, त्याच्या हाताला, हे न सांगता कळते. बैलजोडीत एक बैल जोरकस व दुसरा मंद असला की गाडी एका अंगाला जाते आणि गाडीवान म्हणतो, हा बैल ओढतो. बैल गेला, गुण मात्र गाडीच्या अंगी आला. ‘खाणे’ हे क्रियापदही तसेच जनावराचे आहे. चालकाच्या दृष्टीने गाडी ही खोडी असलेले जनावर आहे, आणि खोडी ओळखणे हे दुरुस्तीचे पहिले अंग आहे. मोटारीबरोबर आलेल्या छापील मार्गदर्शिकेत दोष भागाच्या नावाखाली दिलेला असतो. चालकाच्या वाक्यात तो वर्तनाच्या नावाने येतो. मिस्त्रीचे कौशल्य या दुसऱ्या भाषेतून पहिलीत जाण्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. चालक सांगतो, स्टेरिंग जड झाले आहे आणि खड्ड्यावरून गेले की चाके थरथरतात. अननुभवी कारागीर लगेच पुढच्या चाकांकडे जाईल. तंबू-सिनेमाच्या गाडीत मात्र कारण पुष्कळदा मागे असते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने मागचे पाटे बसलेले असतात. मागचा भाग खचला की नाक वर होते, आणि पुढच्या आखातील किंगपीन मूळ तिरकेपणापेक्षा अधिक मागे कलते. या कलण्यामुळेच वळण घेतल्यावर चाके आपोआप सरळ होतात; पण ते प्रमाणाबाहेर गेले तर स्टेरिंग जड होते व धक्क्याने चाकांस कंप सुटतो. शिवाय पुढच्या चाकांवरचा भार घटल्याने ओल्या उतारावर त्यांची पकड कमी होते. म्हणजे तक्रार हातातल्या चाकाची आणि उपाय मागच्या पाट्यांचा. तसेच ‘ओढते’ या तक्रारीचे. ब्रेक एका बाजूस अधिक लागत असेल, एका टायरात हवा कमी असेल, किंवा पुढच्या पाट्यांना एकत्र बांधणारा मधला बोल्ट तुटून आख किंचित तिरका सरकला असेल, तरी स्टेरिंगचा एकही भाग न बिघडता गाडी ओढू शकते. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी हवा तपासतो आणि मग दोन्ही बाजूंस पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर दोरीने मोजतो. दोरीचे दोन्ही बाजूंचे माप जुळले नाही तर आख सरकला आहे.

उभ्या राहण्याचे दुष्परिणाम याहून अधिक सूक्ष्म असतात. पावसाळ्यात चार महिने गाडी एका जागी राहिली की किंगपिनीच्या बुशातील ग्रीस एका अंगाने सुकते, वरच्या टोपणातून पाणी शिरते, आणि पितळ व पोलाद यांमध्ये गंज धरतो. दिवाळीनंतर गाडी निघते तेव्हा स्टेरिंग वळते, पण परत येत नाही. या गाड्यांना कामाने जितके झिजविले तितकेच विश्रांतीने बिघडविले. उपाय साधा, पण नियमाने करण्याचा : पावसाळ्यापूर्वी जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावयाचे, आखाखाली घोड्या लावून चाकांवरचे वजन काढावयाचे, आणि उभ्या काळातही चाके महिन्यातून एकदा दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून आणावयाची. ग्रीस भरतानाही एक गोष्ट पाळावी लागते. गाडी चाकांवर उभी असताना पिनीच्या खालच्या बेरिंगवर सगळा भार असतो, तेथे ग्रीस शिरतच नाही. आख जॅकवर उचलून, चाक लोंबते ठेवून भरले तरच ते योग्य जागी पोचते. बैलगाडीच्या आखास वंगण घालतानाही चाक उचलून बाहेर सरकवावे लागे, ही गोष्ट येथे सहज आठवते. ‘वंगण’ हा शब्द आज शासकीय निविदांत आणि पाठ्यपुस्तकांत आहे. गॅरेजात ग्रीस आहे. रीत मात्र तीच आहे.

दुरुस्तीचा क्रम हा या विद्येचा गाभा होय. स्टेरिंगमध्ये ‘प्ले’ आला, म्हणजे चाक थोडे फिरविले तरी रस्त्यावरची चाके हलत नाहीत, असे कळल्यावर तो प्ले कोठे आहे हे शोधावे लागते. एक माणूस चालकाच्या जागी बसून चाक थोडे थोडे इकडे-तिकडे करतो, दुसरा गाडीखाली पाठीवर पडून एकेका सांध्यावर बोट ठेवतो. हालचाल जेथे हरवते तेथे दोष. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो. मग आख उचलून चाक वर व खाली धरून हलवितात. ते हलले तर शंका दोन : चाकाचे बेरिंग किंवा किंगपीन. या वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावयाचा. ब्रेक दाबताच हालणे थांबले तर दोष बेरिंगचा. ब्रेक दाबूनही हालत राहिले तर किंगपिनीचा. कोणत्याही उपकरणाशिवाय दोन शक्यतांतून एक वगळण्याची ही युक्ती तर्कशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून देण्याजोगी आहे.

किंगपीन बदलणे हे कष्टाचे काम. वर्षानुवर्षे गंजलेली पीन घणाने निघत नाही. घाव टोकावर बसून टोक फुलते आणि ती अधिकच अडकते. तेल सोडून, वाट पाहून, दाबयंत्राने ती काढावी लागते. नवे बुश बसविल्यावर वरचा व खालचा हे दोन्ही एकाच रेषेत आतून कातून घ्यावे लागतात. प्रत्येक वेगळा कातला तर पीन तिरकी बसते आणि सारे श्रम फुकट जातात. पीन हाताच्या जोराने सरकावी आणि आपल्या वजनाने पडू नये, इतकाच सैलपणा. येथे कातारी आणि मिस्त्री यांच्या संवादात मापाचा आकडा क्वचितच येतो. ‘जरा घट्ट’, ‘अजून एक हात’ असे शब्द येतात. मापाची भाषा नाही म्हणून माप नाही असे समजणे चूक आहे. ते स्पर्शात आहे.

सर्वांत शेवटी पेटी. पेटीवर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले लगेच कमी होतो, आणि म्हणूनच उतावळा कारागीर प्रथम त्यालाच हात घालतो. परंतु गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते, त्यामुळे मळसूत्र मध्यभागी अधिक झिजते आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवे राहते. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत आवळले तर पूर्ण वळणावर पेटी अडकते. सरळ रस्त्यावर तीन महिने सुखाने चाललेली गाडी कसारा घाटाच्या वळणावर एकाएकी वळेनाशी होते, ती यामुळे. झिजलेल्या मळसूत्रास आवळणे हा उपाय नव्हे, ते बदलणे हाच उपाय. तो परवडत नसेल तर थोडा प्ले ठेवून हळू चालविणे हे आवळण्यापेक्षा अधिक सुरक्षित. चांगला मिस्त्री ओळखावयाचा तो त्याने काय करावयाचे नाकारले यावरून. वाकलेली भुजा तापवून सरळ करणे, तुटलेल्या सळईस वेल्डिंगचा टाका मारणे, काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरणे : ही तीन कामे तो करीत नाही. तापविल्याने भुजेच्या पोलादाचे पाणी जाते. टाका वरून शाबूत दिसतो आणि धक्क्याने तुटतो. एकदा वाकवून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा वाकविली की तिचे पाय गळून पडतात आणि नट मोकळा होतो. इतर पुष्कळ भाग बिघडले तर गाडी थांबते. स्टेरिंगचा सांधा सुटला तर गाडी थांबत नाही, इतका हा फरक गंभीर आहे. मागे बिछान्यांवर माणसे झोपलेली असताना रात्रीच्या प्रवासात तर विशेषच.

कायद्याने या अनुभवाचे एक माप ठरविले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमानुसार चालकाच्या चाकावरील प्ले ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, सांध्यांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत, आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असल्या पाहिजेत. ५० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या परिघावर ३० अंश म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर होतात. वीतभराहून कमी, पण मूठभराहून बरेच अधिक. जुन्या पेटीच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसास हे माप उदार वाटणार नाही. आजच्या मोटारीच्या चालकास मात्र ते भयावह वाटेल. रबरी टोप्यांचा उल्लेख नियमात आहे याचा विशेष आनंद वाटतो. दहा रुपयांच्या टोपीअभावी धूळ शिरून सांधा झिजतो, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होती.

या गाड्यांचा काळ आता संपत आला आहे, आणि त्यास कारण स्टेरिंग नव्हते. पडद्यावरचा चित्रपट फितीऐवजी अंकीय स्वरूपात आला. जड प्रक्षेपणयंत्र भंगारात निघाले आणि त्याला वाहून नेणाऱ्या गाडीचे प्रयोजन उरले नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा अनुबोधपट महाराष्ट्रातील तंबू-सिनेमाच्या याच अखेरच्या पर्वाचा आहे. दुसरीकडे नव्या मालगाड्यांत तेलाच्या दाबाने चालणारे स्टेरिंग आले. ते बोटाने वळते. दोष तेथेही होतात, पण तेलाचा दाब चालकाच्या हाताला जाणवणारी पुष्कळशी लक्षणे झाकून टाकतो. ‘जड’ हे विशेषण तेथे केवळ पंप बंद पडल्यावर उरते.

जुनी वाहने जपण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास त्यांनी ‘व्हिंटेज’ ही संज्ञा दिली. पण ती दुचाकींस आणि खासगी प्रवासी चारचाकींस लागू आहे. व्यवसायासाठी वापरलेली मालगाडी त्या व्याख्येत बसत नाही. आणि जिच्या पाठीवर लाकडी घर बांधले, मागचे पाटे वाढविले, यंत्रासाठी तळ कापला, तिला मूळ स्वरूपातली तरी कसे म्हणावे? संस्थानिकांची रोल्स-रॉइस जपली जाईल. चंदनपुरीच्या यात्रेत पडद्यासमोर उभी राहिलेली फार्गो जपली जाणार नाही. तिच्या जतनाची सोय या विद्यापीठीय विभागाच्या हाती नाही. तिची भाषा टिपून ठेवणे मात्र हाती आहे, आणि ते काम कोशकारांनी आजवर केलेले नाही. परिभाषा कोशांतून इंग्रजी नामांसाठी मराठी नामे घडविण्याचे पुष्कळ काम झाले. ‘ओढणे’ या क्रियापदाखाली बैलाचा, दोराचा, विडीचा अर्थ मिळतो. कर्त्याच्या जागी मोटार असलेला, कर्म नसलेला, डावी-उजवी बाजू सांगणारा अर्थ नोंदविलेला दिसत नाही. ‘खाणे’ आणि ‘बसणे’ यांचीही तीच स्थिती आहे. पाटा बसणे आणि बुश बसणे या दोन प्रयोगांत क्रियापद एकच असून अर्थ परस्परविरुद्ध आहेत : पहिल्यात भाग निकामी होतो, दुसऱ्यात तो आपल्या जागी नीट जातो. कोणता अर्थ केव्हा, हे द्वारका चौकाच्या आसपासच्या गॅरेजांत काम शिकणाऱ्या मुलास पहिल्या महिन्यात कळते. नोंद करावयाची तर ती जुन्या पेटीवर हात बसलेले मिस्त्री कामावर आहेत तोवर, गाडी जॅकवर असताना, प्रत्येक प्रयोगाशेजारी त्या वेळी गाडीला नेमके काय झाले होते हे लिहून करावी लागेल.